रस्त्यावरील नाताळगीते : ब्रास बँड आणि दानपेटी

इंग्लंडमध्ये डिसेंबरच्या मध्यास दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच अंधारून येते. दुकानांत दिवे लागलेले असतात, नाताळच्या खरेदीसाठी बाहेर पडलेल्या माणसांनी रस्ते भरलेले असतात आणि थंडीमुळे जो तो घरी परतण्याच्या घाईत असतो. अशा वेळी बाजारचौकाच्या एका कोपऱ्यात गडद रंगाचा गणवेश घातलेली दहा-पंधरा माणसे अर्धवर्तुळ करून उभी राहतात. त्यांच्या हातांत पितळी वाद्ये असतात आणि प्रत्येक वाद्याला लावलेल्या चिमट्यात स्वरलिपीची एक छोटी पुस्तिका अडकविलेली असते. त्यांच्यापैकी एक जण हाताने खूण करतो आणि चौकात नाताळगीताची चाल घुमू लागते. वादकांपासून थोड्या अंतरावर हातात मोहोरबंद डबा घेतलेली एक व्यक्ती उभी असते. ती डबा खुळखुळवीत नाही की कोणाला हाकही मारीत नाही. एखादा वाटसरू थांबतो, क्षणभर ऐकतो, डब्यात नाणे टाकतो आणि पुढे निघून जातो.

हे दृश्य ब्रिटनमधील लहानमोठ्या गावांत जवळजवळ दीडशे वर्षे दिसत आले आहे. नाताळगीते वाजवून निधी जमविणाऱ्या या वाद्यवृंदांत निरनिराळ्या पंथांच्या चर्चचे आणि गावोगावच्या स्वतंत्र संस्थांचेही वृंद असतात. तथापि, सर्वांत अधिक परिचयाचे झालेले वृंद 'सॅल्व्हेशन आर्मी'चे होत. ही एक ख्रिस्ती धर्मसंस्था असून भारतात ती 'मुक्तिफौज' या नावाने ओळखली जाते. वरवर पाहता हा सारा प्रकार अगदी साधा वाटतो. परंतु रस्त्यात उभे राहून वाद्य वाजविण्याचा हक्क या वादकांना सहजासहजी मिळालेला नाही आणि डब्यात पडणारा पैसा हाही निर्विवाद विषय नाही. ते नाणे वादनाचे मोल असते, की भिक्षा असते, की आणखी काही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुक्तिफौजेपूर्वीची परंपरा

नाताळात दारोदार हिंडून गाण्या-वाजविण्याची आणि त्याबद्दल काही मागून घेण्याची चाल युरोपात फार जुनी आहे. मार्टिन ल्यूथर विद्यार्थिदशेत इतर मुलांबरोबर घरोघर गात फिरे आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या अन्नावर त्याची काही अंशी गुजराण होई. इंग्लंडमधील अनेक नगरांत 'वेट्स' नावाचे नगरवादक असत. नगराच्या खर्चाने त्यांना वेतन व गणवेश मिळे, समारंभप्रसंगी त्यांनी वाजवावे अशी अपेक्षा असे. १८३५ च्या नगरपालिकाविषयक कायद्याने स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि ही पदे संपुष्टात आली. नाव मात्र टिकून राहिले. नाताळच्या रात्री रस्त्यांतून वाजवीत फिरणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बक्षिशी मागणाऱ्या हौशी वादकांना लोक 'वेट्स' असेच म्हणू लागले.

खेड्यांतील परंपरा थोडी वेगळी होती. जेथे ऑर्गन परवडत नसे तेथे चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात बसून गावातलेच शेतकरी आणि कारागीर व्हायोलिन, क्लॅरिनेट, बसून यांसारखी वाद्ये वाजवीत आणि भजनांना साथ करीत. नाताळच्या आदल्या रात्री हीच मंडळी कंदील घेऊन वाडीवस्तीतून फिरत. टॉमस हार्डी याने 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत अशाच एका वृंदाचे चित्र रेखाटले आहे. हार्डीचे वडील आणि आजोबा स्वतः अशा वृंदात वाजवीत असत, त्यामुळे त्या चित्राला जवळून पाहिल्याचा अस्सलपणा लाभला आहे. नाताळात मिळणाऱ्या पैशांतून वाद्यांच्या तारा, राळ, दुरुस्ती आणि स्वरलिपीचा कागद एवढाच खर्च जेमतेम भागत असे, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्चमधून ऑर्गन आणि हार्मोनियम येऊ लागले तसे हे वृंद एकामागून एक मोडले. कादंबरीतील वृंदाच्या वाट्यालाही तेच येते.

पहाटे गात येणारा महाराष्ट्रातील वासुदेव किंवा बंगालमधील बाऊल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या परंपरेतील देवघेव समजणे कठीण जाऊ नये. गाणारा आधी देतो आणि मग घेतो. घेतलेले तो स्वतःच्या निर्वाहासाठी ठेवतो आणि त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. वेट्स आणि खेड्यातील वादक यांची रीत हीच होती. मुक्तिफौजेच्या वादकांनी या रीतीत एक महत्त्वाचा बदल केला. त्यांनी मागणे चालू ठेवले, पण स्वतःसाठी मागणे बंद केले.

सॉल्सबरीतील चौघे

विल्यम बूथ (१८२९–१९१२) हा मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. पत्नी कॅथरीन हिच्यासह त्याने १८६५ साली पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत आपले कार्य सुरू केले. कोणत्याही चर्चची पायरी न चढणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचावयाचे, तर सभा उघड्यावर घेणे भाग होते. १८७८ मध्ये या कार्याला 'सॅल्व्हेशन आर्मी' हे नाव मिळाले आणि पाठोपाठ सैनिकी पदव्या, निशाणे व गणवेशही आले.

वाद्ये मात्र योजनापूर्वक आली नाहीत. त्याच वर्षी सॉल्सबरी येथे फौजेच्या उघड्यावरील सभांना गुंडांचा उपद्रव होऊ लागला. त्या गावात चार्ल्स फ्राय नावाचा एक बांधकाम व्यावसायिक राहत असे. तो स्वतः संगीताचा जाणकार होता आणि त्याचे तिन्ही मुलगे वादक होते. हे चौघे बापलेक सभेच्या मदतीला उभे राहिले आणि येताना त्यांनी आपली वाद्येही आणली. दोन कॉर्नेट, एक ट्रॉम्बोन आणि एक लहान ट्युबा एवढाच तो संच होता. गोंगाट करणाऱ्यांचा आवाज या वाद्यांपुढे फिका पडला आणि श्रोत्यांना सामुदायिक गायनात सूर धरणेही सोपे झाले. १८८० च्या सुमारास फ्राय कुटुंबाने आपला व्यवसाय सोडून पूर्ण वेळ या कार्याला वाहून घेतले. चार्ल्स फ्राय १८८२ मध्ये वारला.

फौजेच्या एखाद्या स्थानिक शाखेचा पहिला वृंद म्हणून इंग्लंडच्या ईशान्येकडील कॉन्सेट या गावच्या वृंदाचे नाव घेतले जाते. कॉन्सेट हे लोखंडाच्या कारखान्याचे गाव होते. हा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. १८७९ च्या डिसेंबरात या गावातील मूठभर वादकांनी वृंद उभा केला, म्हणजे त्याचा आरंभच नाताळच्या दिवसांत झाला. खाणी, गिरण्या आणि लोखंडाचे कारखाने असलेल्या उत्तर इंग्लंडमध्ये कामगारांचे ब्रास बँड त्याआधीच रुजलेले होते, त्यामुळे वाद्ये आणि वादक दोन्ही हाताशी होते. मार्च १८८० मध्ये बूथने फौजेच्या मुखपत्रातून सर्व शाखांना वाद्ये मिळविण्याचे आणि स्त्रीपुरुषांनी ती शिकण्याचे आवाहन केले. स्त्रियांचा उल्लेख आवाहनात असला तरी पुढे पुष्कळ वर्षे वृंदांत पुरुषांचेच प्राबल्य राहिले.

वृंदांसाठी काही कडक नियम घालून देण्यात आले. वादक फौजेचा सदस्य असला पाहिजे, त्याला वादनाबद्दल मोबदला मिळणार नाही आणि वाद्य शाखेच्या मालकीचे राहील, हे त्यांतील प्रमुख होत. संगीताची रचना व प्रकाशन यांसाठी १८८३ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि रिचर्ड स्लेटर या व्हायोलिनवादकाने त्याला आकार दिला. सेंट ऑल्बन्स येथे फौजेचा स्वतःचा वाद्यांचा कारखानाही होता. तो १९७२ मध्ये विकण्यात आला.

रस्त्याचा हक्क

आज ज्या वादनाकडे लोक कौतुकाने पाहतात, त्याच वादनासाठी १८८० नंतरच्या दशकात वादकांना मार खावा लागला, दंड भरावा लागला आणि तुरुंगातही जावे लागले. फौज मद्यपानाला विरोध करीत असे, त्यामुळे दारूच्या गुत्त्यांचे चालक आणि त्यांचे गिऱ्हाईक संतापले. त्यांनी आणि टवाळखोरांनी ठिकठिकाणी 'स्केलेटन आर्मी' म्हणजे 'सापळ्यांची फौज' या नावाच्या टोळ्या उभ्या केल्या. या टोळ्या कवटीचे चित्र असलेली निशाणे मिरवीत, डबे बडवीत आणि मिरवणुकीवर दगड, चिखल व सडकी अंडी फेकीत.

वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी १८८२ च्या वसंतात असाच दंगा होऊ लागला. शांतताभंग होईल या कारणास्तव दंडाधिकाऱ्यांनी फौजेच्या मिरवणुकीस मनाई केली. ती मोडल्याबद्दल बीटी नावाच्या कॅप्टनला व त्याच्या सहकाऱ्यांना अटक होऊन त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी मागण्यात आली. प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले. एखादे कृत्य स्वतः कायदेशीर असेल, तर त्यामुळे चिडून दुसरे कोणी बेकायदेशीर वागेल एवढ्याच कारणाने ते कृत्य गुन्हा ठरत नाही, अशा आशयाचा निर्णय तेथे देण्यात आला. 'बीटी विरुद्ध गिलबँक्स' या नावाने तो निवाडा कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो.

त्याच वर्षी हा संघर्ष मुंबईतही येऊन पोहोचला. फ्रेडरिक टकर या भारतीय सनदी सेवेतील अधिकाऱ्याने आपल्या पदाचा राजीनामा दिला होता. १९ सप्टेंबर १८८२ रोजी तीन सहकाऱ्यांसह तो मुंबई बंदरात उतरला. 'फौज' येणार म्हणून अधिकारी वर्गाने बरीच तयारी ठेवली होती, प्रत्यक्षात उतरले ते एक स्त्री आणि तीन पुरुष. वाद्ये वाजवीत, गाणी गात रस्त्यांतून मिरवणूक काढली तर अन्य धर्मीयांच्या भावना दुखावून दंगल होईल, असे मुंबईतील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. काही दिवसांतच अटक आणि दंड यांचे सत्र सुरू झाले आणि पुढे टकरला एक महिन्याचा कारावास भोगावा लागला. धर्मांतराला स्वतः अनुकूल नसलेल्या अनेक भारतीयांनीही या दडपणुकीचा निषेध केला. त्यांत ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन हे प्रमुख होते. रस्त्यावर शांतपणे गाण्याचा आणि बोलण्याचा हक्क एकाला नाकारला तर तो सर्वांनाच नाकारला जाईल, ही या विरोधामागील जाणीव होती.

इंग्लंडमध्ये शेवटची मोठी लढत ईस्टबोर्न येथे झाली. त्या गावासाठी १८८५ मध्ये संमत झालेल्या खास कायद्यात रविवारी वाद्ये वाजवीत मिरवणूक काढण्यास बंदी होती. १८९१ मध्ये फौजेच्या वादकांनी ती बंदी उघडपणे मोडली. त्यांच्यावर खटले भरले गेले, कित्येकांना कैद झाली. अखेर १८९२ मध्ये पार्लमेंटने ते कलम रद्द केले. आज चौकात निर्धास्तपणे उभा राहणारा वादक या माणसांचा ऋणी आहे.

पितळच का?

उघड्यावर वाजवावयाचे तर आवाज लांबवर पोहोचला पाहिजे आणि वाद्याने ऊनपाऊस सोसला पाहिजे. व्हायोलिनचे लाकूड दमट हवेत फुगते, तारा उतरतात, सरेस सुटते. पितळी वाद्याला हे भय नाही. दुसरे कारण शिकवणीच्या सोयीचे आहे. या वाद्यांत ओठांच्या कंपनाने नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो आणि स्वर निघतो. नळीची लांबी बदलण्यासाठी बहुतेक वाद्यांना तीन खटके असतात. पहिला खटका दाबला असता स्वर दोन पायऱ्यांनी उतरतो, दुसऱ्याने एक पायरी आणि तिसऱ्याने तीन पायऱ्या. येथे पायरी म्हणजे सप्तकातील बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांमधील अंतर होय. हे गणित लहानशा कॉर्नेटपासून भल्या मोठ्या ट्युबापर्यंत सारखेच असते.

त्याखेरीज ब्रिटिश ब्रास बँडमध्ये जवळजवळ सर्व वाद्यांची स्वरलिपी एकाच पद्धतीने लिहिली जाते. त्यामुळे कॉर्नेट वाजविणाऱ्या कामगाराला गरज पडल्यास हॉर्न किंवा युफोनियम हाती घेता येते. बोटांच्या हालचाली त्याला पुन्हा शिकाव्या लागत नाहीत. औपचारिक संगीतशिक्षण न मिळालेल्या खाणकामगारांना आणि त्यांच्या मुलांना वृंदात सामावून घेणे शक्य झाले, त्याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते. नाताळगीतांची रचनाही सोयीची असते. बहुतेक गीते चार स्वरपंक्तींत बसविलेली असतात. म्हणून चौघे वादक असले तरी गीत पुरे होते आणि चोवीस असले तरी तीच पुस्तिका चालते.

थंडी मात्र पितळी वाद्यालाही छळते. हवा जितकी थंड, तितका तिच्यातील ध्वनीचा वेग कमी होतो. २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर शून्य अंशाला सुमारे ३३१ मीटर असतो. नळीची लांबी तीच राहून वेग घटला की स्वर उतरतो. नळीतील सारी हवा शून्य अंशाला असती, तर हा उतार अर्ध्या पायरीहूनही अधिक भरला असता. वादकाच्या उष्ण श्वासाने तो थोडाफार भरून निघतो. परंतु लहान कॉर्नेट लवकर तापते आणि मोठा ट्युबा तापावयास वेळ लागतो, त्यामुळे दोघांचे सूर परस्परांपासून फटकून राहू लागतात. यावर उपाय म्हणून दोन गीतांच्या मधल्या वेळात वादक स्वर न काढता वाद्यात नुसतीच फुंकर घालीत राहतात. श्वासातील वाफेचे नळीत पाणी होते, ते वारंवार काढून टाकावे लागते. कडाक्याची थंडी असेल तर हेच पाणी गोठते आणि खटके अडकून बसतात. ओठांना लागणारा माउथपीस बर्फासारखा होऊ नये म्हणून तो खिशात उबेला ठेवावयाचा आणि बोटे मोकळी राहतील असे हातमोजे वापरावयाचे, ही या वादकांची नेहमीची काळजी असते.

किटली, डबा आणि हिशेब

नाताळच्या निधीसंकलनाचे दुसरे परिचित चिन्ह म्हणजे तिकाटण्याला टांगलेली किटली. तिचा उगम अमेरिकेत झाला. १८९१ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील फौजेचा कॅप्टन जोसेफ मॅक्फी याने नाताळच्या दिवशी एक हजार गरिबांना जेवण घालण्याचे मनात आणले, पण जवळ पैसा नव्हता. तरुणपणी खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर गरिबांसाठी पैसे टाकण्याकरिता ठेवलेले एक मोठे भांडे त्याने पाहिले होते. त्याची आठवण होऊन त्याने ऑकलंडकडे जाणाऱ्या नावांच्या धक्क्यावर एक भांडे टांगले. ये-जा करणाऱ्यांनी ते भरले आणि काही वर्षांतच ही पद्धत इतर शहरांत पसरली. अमेरिकेत या किटलीशेजारी बहुधा घंटा वाजते, ब्रिटनमध्ये ब्रास बँड वाजतो.

लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या या व्यवहाराला कायद्याची चौकट आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील निधीसंकलनाचे नियमन १९१६ च्या कायद्यापासून होत आले आहे. त्यानुसार स्थानिक अधिकाऱ्यांकडून ठरावीक दिवसाचा आणि ठरावीक जागेचा परवाना घ्यावा लागतो. डबा मोहोरबंद असला पाहिजे, वाटसरूंना अडविता किंवा त्रास देता कामा नये आणि संकलनानंतर ठरावीक मुदतीत हिशेब सादर केला पाहिजे, अशा अटी सामान्यतः असतात. दुकानाच्या आवारात किंवा रेल्वे स्थानकात वाजवावयाचे असल्यास जागेच्या मालकाची संमती लागते. आरंभी वर्णिलेली डबा धरणारी व्यक्ती डबा खुळखुळवीत नाही, त्याचे कारण शिष्टाचाराबरोबर या नियमांतही आहे. एकट्या माणसाने डबा उघडू नये, मोजणीस किमान दोघे असावेत, हा दंडक तर कोणत्याही सार्वजनिक निधीला लागू पडावा असाच आहे.

जमलेला पैसा त्या परिसरातील गरजूंच्या नाताळच्या जेवणासाठी, मुलांच्या खेळण्यांसाठी, बेघरांच्या निवाऱ्यासाठी आणि संस्थेच्या वर्षभराच्या सेवाकार्यासाठी खर्च होतो.

पैसा कोणाचा?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वर्षातून एकदा, सणाच्या आनंदात टाकलेल्या नाण्याने दारिद्र्य दूर होते काय? की देणाऱ्याच्या मनाला लागलेली टोचणी तेवढी शांत होते?

हा प्रश्न विल्यम बूथला स्वतःलाही टाळता आला नाही. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' या ग्रंथात त्याने देशातील सुमारे तीस लाख लोक, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा, दैन्यात बुडालेला असल्याचे मांडले. लंडनमधील भाड्याच्या गाडीच्या घोड्याला निवारा, चारा आणि काम या तीन गोष्टी मिळतात, तेवढ्या तरी प्रत्येक माणसाला मिळाव्यात, अशी त्याची मागणी होती. केवळ अन्नदानाने हे साधणार नाही हे ओळखून त्याने कामाच्या जागा, शेतवसाहती आणि कारखाने यांची योजना पुढे ठेवली. १८९१ मध्ये फौजेने सुरू केलेल्या आगकाड्यांच्या कारखान्यात कामगारांच्या जबड्याची हाडे सडविणारा पांढरा फॉस्फरस वापरला जात नसे.

बर्नार्ड शॉने हा प्रश्न अधिक धारदार केला. १९०५ साली रंगभूमीवर आलेल्या 'मेजर बार्बरा' या त्याच्या नाटकाची नायिका मुक्तिफौजेत अधिकारी आहे. तिचा पिता तोफा व दारूगोळा विकून गडगंज झालेला आहे. निवारागृह चालू ठेवण्यासाठी संस्था एका मद्यउत्पादकाची आणि तिच्या पित्याची देणगी स्वीकारते, तेव्हा बार्बराचा विश्वास ढासळतो आणि ती आपले बोधचिन्ह काढून ठेवते. त्याच वेळी फौजेची मिरवणूक आनंदाने निघते आणि तो तोफांचा व्यापारी तीत स्वतः ट्रॉम्बोन वाजवीत सामील होतो. ज्या पैशाने दारिद्र्य निर्माण होते त्याच पैशाने दरिद्री माणसाला पाव मिळावा, यातील विसंगती या एका प्रसंगात सामावलेली आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शॉला हे वृंद तुच्छ वाटत नव्हते. कोणे एके काळी संगीतसमीक्षक असलेल्या शॉने फौजेच्या वृंदांचे वादन आवर्जून ऐकले आणि त्यावर गंभीरपणे अभिप्रायही लिहिला.

शॉचा आक्षेप मोठ्या देणगीदाराला उद्देशून होता. चौकातल्या डब्यातील पैसा अनेक हातांनी, थोडा थोडा आणि बहुधा नाव न सांगता दिलेला असतो. त्यामुळे कोणत्याही एका दात्याला संस्थेवर हक्क सांगता येत नाही. हे त्याचे बळ होय. अनिश्चितता ही त्याची मर्यादा होय. पाऊस पडला, वृंदातील दोघे आजारी झाले किंवा बाजाराची गर्दी ओसरली, तर निवारागृहात येणाऱ्यांची संख्या कमी होत नाही, डबा मात्र हलका राहतो. म्हणूनच अशा निधीला शासनाच्या आणि समाजाच्या जबाबदारीचा पर्याय समजणे चुकीचे ठरेल.

आजचे चित्र

गेल्या काही वर्षांत या प्रथेपुढे नव्या अडचणी आल्या आहेत. लोकांच्या खिशात नाणी उरलेली नाहीत. म्हणून डब्याच्या जोडीला कार्ड किंवा भ्रमणध्वनी टेकविला असता रक्कम वळती करणारे छोटे यंत्र दिसू लागले आहे. खरेदीसाठी चौकात येण्याऐवजी माणसे घरबसल्या वस्तू मागवितात, तेव्हा श्रोतेच घटतात. चर्चला नियमित जाणाऱ्यांची संख्या ब्रिटनमध्ये कमी होत असल्यामुळे कित्येक ठिकाणी पूर्ण वृंद उभा करणे कठीण झाले आहे. २०२० च्या नाताळात कोविडच्या साथीमुळे, फुंकून वाजविण्याच्या वाद्यांवर आणि गर्दीवर निर्बंध असल्याने, अनेक चौक मुके राहिले.

तरीही ही प्रथा टिकून आहे आणि तिचे एक कारण संगीतातच सापडते. तिकीट काढून सभागृहात जाणारा श्रोता आणि रस्त्यावरचा श्रोता यांत मोठा फरक आहे. सभागृहाच्या दारात पैसे आधी द्यावे लागतात आणि ज्याच्याजवळ ते नसतात तो बाहेर राहतो. चौकात गीत आधी वाजते. ते ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला ऐकू येते आणि दुकानाच्या पायरीवर पांघरूण ओढून बसलेल्या बेघर माणसालाही ऐकू येते. कोणी काही टाकले नाही म्हणून वादन मध्येच थांबत नाही. त्या नाण्याला वादनाचे मोल म्हणता येणार नाही, कारण वादकाने ते मागितलेले नसते. त्याला भिक्षा म्हणणेही अचूक नाही, कारण त्यातील एक पैही वादकाच्या हाती राहत नाही. एकाचा श्वास आणि दुसऱ्याचे नाणे, दोन्ही तिसऱ्याच कोणासाठी दिलेली असतात.

रात्री दुकाने बंद होऊ लागली की वादक नळ्यांतील पाणी फरशीवर झटकून वाद्ये पेटीत ठेवतात. डब्याची मोहोर शाखेच्या कार्यालयात, दोघांच्या समक्ष फोडली जाते आणि टेबलावर नाण्यांच्या चळती लागतात. बाहेर थंडी वाढत असते आणि निवारागृहाच्या दारापाशी रांग लागलेली असते.